सगळ्याला चालेल अशी रायफल

रायफल मी निवडली. ती चालवायला मात्र मी दुसऱ्याचं नाव पुढे केलं. एवढ्या दोन वाक्यांत सगळं येतं, पण तेवढं सांगून सुटका करून घेण्याचा मला हक्क नाही. आजवर ज्यांना मी हे अर्धवट सांगितलं त्यांना तो गमतीचा किस्सा वाटला. ताइफचे डोंगर, माकडं, अरब मालक, बंदूक. लोक हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो, आणि प्रत्येक वेळी नंतर माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटलं.

दोन हजारचं दशक तेव्हा मध्यावर आलं होतं आणि मी चाळिशीला टेकलो होतो. रत्नागिरीत मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग चिपळूणजवळ एका कारखान्यात काही वर्षं, आणि तिथून सौदीत, ताइफच्या वरच्या डोंगरात एका मालकाच्या बागेवर खरेदी आणि स्टोअरचं काम. बाग मुख्यतः गुलाबाची. वसंतात पहाटे कळ्या खुडायच्या, तांब्याच्या मोठ्या हंड्यांत उकळून अत्तर आणि गुलाबपाणी काढायचं. तो हंगाम संपला की उरलेलं वर्ष अंजीर, द्राक्षं आणि डाळिंबं. पंप, पाइप, हंडे, बाटल्या, खतं हे सगळं वेळेवर आणि कमी पैशांत आणणं हे माझं काम. तीन ठिकाणी भाव विचारायचे, तक्ता करायचा, गरज भागवणाऱ्यातलं स्वस्त उचलायचं. मालक मला ‘या मुहंदिस’ म्हणून हाक मारायचा, म्हणजे ‘अहो इंजिनियर’. मी इंजिनियर नव्हतो, पण ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

बागेच्या वरच्या टोकाला विहीर होती, विहिरीशेजारी पंपघर, आणि पंपघराला लागून एका खोलीत पंपवाला राहायचा. दापोलीकडच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान, माझ्याच वयाचा. माझं गाव संगमेश्वराच्या बाजूला, तेव्हा तसे आम्ही एका गावचे नव्हतो. पण त्या डोंगरावर मराठी बोलणारं तिसरं माणूस नव्हतं. तो मला ‘गाववाले’ म्हणायचा, मी त्याला ‘भाई’. बहुतेक दुपारी मी त्याच्याकडे जेवायला जायचो. सुक्या बांगड्याचं कालवण तो फार तिखट करायचा आणि ते कमी तिखट झाल्याची तक्रारही स्वतःच करायचा. मी लहानपणापासून शनिवारी मारुतीचा उपवास धरतो. शनिवारी तो माझ्यासाठी दही आणि खजूर काढून ठेवायचा आणि म्हणायचा, “आज तुमच्या देवाने आमची मासळी वाचवलीन.”

आता माकडांविषयी. तिथली माकडं आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांसारखी नसतात. कुत्र्यासारखं लांब तोंड, आणि मोठ्या नराच्या खांद्यांवर राखाडी आयाळ, शाल पांघरल्यासारखी. अख्खा कळप कड्यावरून उतरायचा. अंजीर खायचा ते खायचा, पण पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या चावून तोडायचा, आणि ओळीच्या ओळी सुकायच्या. मालकाकडे एक जुनी दुनळी होती, छऱ्यांची. माकडांना तिचा पल्ला महिन्याभरात समजला. त्या पल्ल्याच्या जरा बाहेर, खडकांवर बसून ती बार ऐकायची आणि धूर विरला की खाली यायची.

एका गुरुवारी कॉफी पिताना मालक म्हणाला, “या मुहंदिस, एक रायफल बघ. माकडांना चालेल, लांडगा आला तर लांडग्याला, मोकाट कुत्र्यांना, आणि थंडीत वाळवंटात गेलो तर सशालाही. सगळ्याला एकच. आणि उगाच महागातली नको.”

इथे मी म्हणायला हवं होतं की मला यातलं कळत नाही. पण आधीच्याच हंगामात मी त्याच्यापुढे फुशारकी मारून बसलो होतो. आमचं घरही डोंगरात आहे, आमच्या घरी बंदूक होती, आम्ही शिकारी लोक, असं मी त्याला ऐकवलं होतं. बंदूक होती हे खरं. माझ्या काकाची ठासणीची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. मी ती काकाच्या मागून खांद्यावर वाहिली होती, एवढाच माझा शिकारीपणा. स्वतः झाडल्या त्या कॉलेजात एनसीसीमध्ये, पॉइंट टू-टूच्या मोजक्या गोळ्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा मातीत गेल्या होत्या.

त्या ठासणीच्या बंदुकीनं माझ्या डोक्यात एक समजूत घट्ट बसवली होती. ती बंदूक खरोखरच सगळ्याला चालायची. पक्ष्यासाठी बारीक छरे, डुकरासाठी शिशाची गोळी. दारू ठासा आणि वरून हवं ते भरा. आमचं रान दाट, जनावर दिसतं तेच जवळून, आणि बार चुकला तर गोळी झाडीत कुठेतरी विरते. सगळ्याला चालणारी एक बंदूक असतेच, फक्त ती शोधायची, असं धरून मी कामाला लागलो. उघड्या खडकाळ डोंगरात, लांबवर बसलेल्या जनावरासाठी.

ताइफमधल्या एका इंटरनेट कॅफेत मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. जगभरातले शिकारी तिथे याच प्रश्नावर भांडत होते: पैसे कमी आहेत, एकच रायफल घ्यायची आहे, कुठल्या कॅलिबरची घेऊ. मला ते भांडण आवडायला लागलं. टू-टूच्या गोळ्या सर्वांत स्वस्त, आवाज कमी, खांद्याला धक्का नाही. सशाला भरपूर, पण मोठ्या नर माकडाला लांबून नुसतं घायाळ करणार. टू-फोर-थ्री ही दोन्हींच्या मधली. सरळ जाते, धक्का सोसवतो, माकडापासून लांडग्यापर्यंत सगळ्याला योग्य. अनुभवी माणसं तिचंच नाव घेत होती. पण तिची काडतुसं तिथल्या बाजारात मिळाली तर मिळाली. तिसरी थ्री-नॉट-एट. लष्करी जातीची, ताकद गरजेपेक्षा खूप जास्त, सशाचा चेंदा करणारी. पण काडतुसं मुबलक. पंप घेताना मी नेहमी गरजेपेक्षा थोडा ताकदीचा घेतो. तोच नियम इथे लावला आणि थ्री-नॉट-एट पक्की केली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती अज्ञानाची चूक ठरली असती. पण त्या सगळ्या भांडणांत एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं आणि ते मी नीट वाचलं होतं. कॅलिबरपेक्षा गोळी कुठली हे महत्त्वाचं. मऊ टोकाची शिकारी गोळी अंगात शिरल्यावर फुलते आणि जनावर तिथल्या तिथे पडतं. कवचाची लष्करी गोळी सुईसारखी आरपार जाते. जनावर भोक घेऊन पळतं आणि कुठेतरी हळूहळू मरतं. शिकारीला कवचाची गोळी वापरू नका, असं माणसं परोपरीनं विनवत होती. कवचाच्या गोळ्या पेटीनं मिळत होत्या, अगदी स्वस्त. मऊ टोकाच्या महाग. मी मनाशी म्हटलं, माकड कुठे खायचं आहे? जागेवर मेलं काय आणि पळून मेलं काय, बागेतून गेलं म्हणजे झालं.

हा विचार माझा होता. कोणी मला सुचवला नव्हता. आजही तो आठवला की स्वतःच्या अंगाला वास येतोय असं वाटतं.

मालकाच्या चुलतभावाच्या ओळखीच्या एका माणसाच्या बैठकीत आम्ही रायफली बघायला गेलो. गालिचावर तीन मांडून ठेवल्या होत्या, शेजारी खजूर आणि कॉफी. मी एक उचलली, नळीमागचा सरकता बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. इंटरनेटवर तसं करतात म्हणून केलं. आतलं चकचकीत वळण दिसलं. त्यापलीकडे मला काही कळलं नाही.

“बघा, बघा,” मालक त्या माणसाला म्हणाला. “डोंगरातला आहे. घरात बंदुका होत्या यांच्या.”

“हिंदी माणूस आणि शिकारी?” तो माणूस हसला. “मला वाटायचं हे मुंगीसुद्धा मारत नाहीत.”

“हा मारतो.”

मी मान डोलावली. दस्त्यावर ओरखडे असलेली एक वापरलेली रायफल मी त्याच्याशी घासाघीस करून आणखी स्वस्तात घेतली, वर जुनी दुर्बीण आणि कवचाच्या गोळ्यांची पेटी. परतताना मालकानं माझी पाठ थोपटली. मला फार बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी कोरड्या ओढ्यात पत्र्याचा डबा ठेवून आम्ही ती झाडून पाहिली. मालकाचा नेम चुकला. माझा लागला. खांदा सुन्न झाला, कान वाजत राहिले, पण डबा उडाला. मालक खूश झाला. “खलास. मग पुढच्या आठवड्यात तू बागेवर राहा. नर आधी. दोन-तीन पडले की बाकीचे येणार नाहीत.”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की निवडणाऱ्यालाच चालवायला सांगणार. वाचायला हे खोटं वाटेल, पण इतक्या संध्याकाळी त्या माकडांच्या मरणाची तयारी करूनही ती मी स्वतः मारायची आहेत हे माझ्या मनात आलं नव्हतं. माकड म्हणजे मारुती. आमच्या गावात वानरांनी नारळ-पोफळीची नासधूस केली तरी माणसं डबे वाजवतात, फटाके लावतात. काकाची बंदूक डुकरावर रोखली जायची, वानरावर कधी नाही. मारुतीच्या देवळात पाराखाली वानर मेलं तर त्याला पुरतात, वर फूल ठेवतात. मी शनिवारी तेल वाहणारा माणूस. माझ्या हातून माकड मरायला नको होतं. मरायला हरकत नव्हती. माझ्या हातून नको होतं.

हे मालकाला सांगायची मला लाज वाटली. माकडाला देव मानतो म्हणालो तर तो काय म्हणेल, कसा बघेल. मी म्हणालो, “माझी पाठ दुखते, धक्का सहन होणार नाही. पंपवाल्याला द्या. तो तिथेच राहतो. त्याचा बाप मोठा शिकारी होता, हरणं मारायचा. त्याचा नेम माझ्याहून चांगला आहे.”

बोलताना माझ्या मनात जे होतं ते असं: तो मुसलमान आहे, त्याला काय, त्याला चालतं.

परवाना मालकाच्या नावावर होता. परदेशी कामगारानं बंदुकीला हात लावणं म्हणजे थेट कैद आणि मग हकालपट्टी. त्या काळात रस्त्यांवर तपासणी कडक होती, पोलिसांच्या गाड्या बागांपर्यंत येत होत्या. मला हे सगळं माहीत होतं. मालकानं त्याच दिवशी रायफल पंपघरात नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला गेलो तर भाईनं कालवण केलं नव्हतं. रायफल गोधडीत गुंडाळून खाटेखाली सरकवली होती; दस्ता बाहेर दिसत होता.

“गाववाले, माज्या बापाने हरणा मारली?”

मी वाकून चपला काढत राहिलो.

“माजा बाप आयुष्यभर होडीवर. खाडीत हरणा पोहतात काय ओ? कोनी सांगितलान हा मालकाला?”

“त्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल,” मी म्हणालो. “माझं अरबी कच्चं आहे. मी आपलं कोकणात शिकार चालते एवढंच म्हणालो.”

तो हसला. “तुमचा अरबी कच्चा. पायपाचा भाव करताना बरा पक्का असतो.”

“मग नाही म्हणून सांग ना त्याला.”

“रजा कोन देईल मग? तुमी?” त्यानं खाटेखालची रायफल पायानं आणखी आत ढकलली. तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. द्राक्षं उतरली की रजा देतो, असं मालकानं कबूल केलं होतं. पासपोर्ट मालकाकडे. “आनि वानर मारून करायचा काय? आमच्याकडे पन येतात. छपरावर नाचतात, कौला फोडतात. माजी आई त्यांना सात पिढ्यांच्या शिव्या देते. पन मारीत नाय कोन. जा खायचा नाय, ता मारायचा कशाला?”

हे ऐकल्यावर मी खरं सांगू शकलो असतो. मी म्हणालो, “बघ बाबा, मालकाचं ठरलंय,” आणि न जेवता खाली गेलो.

त्यानं पहिली गोळी शुक्रवारी संध्याकाळी झाडली. मी शहरात होतो. शनिवारी सकाळी ठिबकच्या नव्या नळ्या घेऊन मी वर गेलो तेव्हा तो पंपघराच्या पायरीवर बसला होता, तोंड कड्याकडे. मी विचारायच्या आधी मला ते दिसलं.

वरच्या खडकावर मोठा नर बसला होता. माणूस पोट दुखल्यावर बसतो तसा, दोन्ही हात पोटाशी धरून, पुढे झुकून. गोळी पोटातून आरपार गेली होती. राखाडी आयाळ खालून काळी, चिकट झाली होती, आणि बोटांच्या फटीतून जे बाहेर येत होतं त्यावर माश्यांचा थर बसला होता. तो हात हलवायचा, माश्या उठायच्या, पुन्हा बसायच्या. बाकीचा कळप पळाला नव्हता. जरा वर, गोल करून बसला होता. एक मादी अधूनमधून खाली यायची, त्याच्या पाठीतले केस विंचरल्यासारखं करायची आणि परत जायची. वारा आमच्याकडे वाहत होता. फुटलेल्या आतड्याचा वास येत होता, आणि त्याच वाऱ्यात खालच्या भट्टीतल्या जुन्या गुलाबांचा गोडसर, आंबलेला वास मिसळला होता. तेव्हापासून मला गुलाबपाणी सोसत नाही. लग्नात कोणी शिंपडलं तरी मी मागे सरतो.

“रात्रभर कण्हत व्हता,” भाई म्हणाला. “माणसासारखा. मालकाला फोन केला. तो बोलला, राहू दे, बाकीच्यांना दहशत बसेल.”

मी नळ्यांचं बंडल खाली ठेवलं.

“तुमचा नेम चांगला हाय, मालक सांगत व्हता. डबा उडवलाव.” त्यानं आतून रायफल आणून माझ्यापुढे धरली. “संपवा त्याला. माज्यानी पुन्हा व्हायचा नाय. एवढा करा, गाववाले.”

मी म्हणालो, “भाई, आज शनिवार आहे.”

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच वाईट गोष्टी बोललो असेन, पण इतकी घाणेरडी दुसरी बोललो नाही. पोट धरून बसलेल्या त्या जनावरासमोर, ज्याला मी निवडलेल्या गोळीनं भोक पडलं होतं, मी माझा उपवास पुढे केला. भाईनं रायफल खाली घेतली. खडकांत हात टेकत टेकत वर चढला. कळप मागे सरला, पण गेला नाही. मी पाठ फिरवून उभा राहिलो. दुसरा बार झाला. तो खाली आला, टाकीच्या कडेला ओणवा झाला आणि ओकला. मग किती तरी वेळ हात धुत राहिला. मला पाणी घाल म्हणाला नाही. मीही घातलं नाही.

दुपारी मालक आला, जिद्दाहून आलेले त्याचे पाहुणे बरोबर. त्यानं तो नर कुंपणाच्या खांबाला उलटा टांगायला लावला. पाहुण्यांनी नव्या कॅमेऱ्याच्या मोबाइलवर फोटो काढले. एकानं त्या मेलेल्या तोंडात सिगारेट खोचली. सगळे हसले. मालक म्हणाला, “मुहंदिस, तू ये, रायफल तू निवडलीस.” मी गेलो. खांबाच्या डावीकडे उभा राहिलो. फोटोसाठी दात दाखवले. शेजारी त्या नराचा हात लोंबत होता, तळवा वर, आणि नखं माणसासारखी सपाट होती. भाई पंपघरातून बाहेर आला नाही.

उन्हात ते मढं दोन दिवसांत फुगलं, मग फुटलं. वास खालच्या बागेपर्यंत यायचा. अंजीर खुडणारे मजूर नाकाला फडकं बांधून फिरायचे. आठवडाभरात कळप परत आला, फक्त त्या खांबाची बाजू सोडून, पलीकडच्या ओढ्यानं. नळ्या पुन्हा तुटल्या.

भाई माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दुपारी मी गेलो की झाकलेलं ताट असायचं आणि तो पंपाशी काहीतरी करत असायचा. शनिवारी दही-खजूर असायचे, टोमणा नसायचा. रायफल त्याच्या खाटेखालीच होती. वरच्या रस्त्याला पोलिसांची गाडी थांबली की तो उठून खोलीला कुलूप लावायचा आणि विहिरीपलीकडे जाऊन उभा राहायचा. एकदा गाडी बागेच्या फाटकापर्यंत आली, पाणी भरून निघून गेली. तो परत आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी ते सगळं बघत होतो आणि नळ्यांची ऑर्डर लिहीत होतो.

द्राक्षं उतरली. भाईनं रजा मागितली. मालकानं मला दुभाषा म्हणून बोलावलं, कारण स्वतःच्या तोंडानं नकार द्यायचा त्रास त्याला नको असायचा.

“त्याला सांग, माकडं आहेत तोवर रजा नाही. तो गेला तर रायफल कोण चालवणार? तूच म्हणालास ना, त्याच्यासारखा नेम कोणाचा नाही.”

भाई माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला अरबी माझ्याइतकंच येत होतं. मालक काय म्हणाला ते त्याला कळलं होतं, आणि मी आता काय म्हणतो याची तो वाट बघत होता, असं मला वाटलं. मी मालकाकडे वळलो.

मी म्हणालो की याचा बाप शिकारी नव्हता, मासे मारायचा. शिकारीचं ते मी रचून सांगितलं होतं. पाठदुखी खोटी. मी शिकारी नाही, इंजिनियरही नाही. गोळ्या चुकीच्या आहेत, हे मला घेतानाच माहीत होतं, स्वस्त म्हणून घेतल्या. आणि माकड मारणं माझ्या धर्मात पाप आहे म्हणून ते याच्या गळ्यात घातलं. हे सगळं सांगताना माझं अरबी कुठेच अडलं नाही.

मालक आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला. “म्हणजे पाप तुला नको, त्याला चालतं,” तो म्हणाला. तो काही दयाळू माणूस नव्हता, पण हिशेब त्यानं बरोबर मांडला. कॉफीचा कप उपडा ठेवून तो म्हणाला, “रायफल घरी आण. याला जाऊ दे. या वर्षी तुझी रजा नाही, दोघांपैकी एकाला बाग बघावी लागेल.” मी हो म्हणालो. त्यात माझं काही मोठेपण नाही. तो दुसरं काही म्हणाला असता तर मी कदाचित तेही ऐकून घेतलं असतं.

गोधडीतली रायफल मी स्वतः मालकाच्या गाडीपर्यंत नेली. मग पंपघराकडे गेलो. पाणी गळू नये म्हणून भाई पंपाचं ग्लँड आवळत होता. पाना त्याच्या हातातून मी घेतला नाही, मदत करायचं सोंग केलं नाही. तिथेच उभा राहिलो.

“भाई, तुझं नाव मीच सांगितलं होतं. तुझ्या बापाचं खोटं मीच बोललो. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो.”

“म्हायत हाय,” तो पंपाकडे बघतच म्हणाला.

“एवढंच नाही. तू मुसलमान म्हणून तुला चालेल, असं मी ठरवलं. तुला विचारलं नाही. गोळ्याही मीच आणल्या, माकड असं मरणार हे ठाऊक असून. आणि त्या दिवशी मी शनिवार पुढे केला.”

त्यानं पाना खाली ठेवला, पण मान वर केली नाही.

“माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून मी तुझे वापरले,” मी म्हणालो. “मला माफ कर.”